गुळाआधी

सर्जननी टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि मुद्दाम फरशीवर टाकली. ती घरंगळत वजनकाट्याच्या पायाशी जाऊन थांबली.

"उचलून दे बघू मला," ते शुभाला म्हणाले.

शुभाने आधी आईकडे पाहिलं. मग ती पेन्सिलीजवळ गेली, पण वाकली नाही. पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात मांड्यांवर टेकून ती गुडघ्यांतून हळूहळू खाली बसली. नुसती बोटं लांबवून तिने पेन्सिल उचलली. मग आधी गुडघ्यावर, मग मांडीवर असे हात चढवत, स्वतःच्याच अंगाचा जिना करून ती वर आली. पेन्सिल तिने सर्जनच्या हातात दिली आणि मोठं काम केल्यासारखा श्वास सोडला. सहा वर्षांची पोर.

वनमालाने पदराचं टोक मुठीत धरलं. हे तिला नवीन नव्हतं. घरी ती रोज पाहत होती. पडलेला सागरगोटा, पडलेली रिबीन, बाळाचा खुळखुळा, सगळं शुभा असंच उचलायची.

"शाबास," सर्जन म्हणाले. मग वनमालाकडे न बघताच त्यांनी विचारलं, "हे असं कधीपासून?"

"गुळापासून."

त्यांनी मान वर केली. त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मघाशी बाहेर हीच हकिगत ऐकून कागदावर सगळ्यात वर एक ओळ लिहिली होती. तिच्यावर त्यांनी पेनाचं टोक ठेवून दाखवलं.

"कसला गूळ?"

वनमाला सांगायला लागली. आता ही पाचवी खेप होती. सांगून सांगून वाक्यं इतकी घासली गेली होती की जिभेला कष्ट पडत नव्हते.

मार्गशीर्षात तिला मुलगा झाला, नंदकुमार. बाराव्या दिवशी अंधेरीच्या घरात बारसं झालं. तिच्या सासरी पद्धत अशी, की मुलीच्या पाठीवर मुलगा झाला तर त्या मुलीची पाठ पुजायची. तिला पाटावर बसवायचं, पाठीला हळदकुंकू लावायचं, घडी केलेला खण ठेवायचा, त्यावर गुळाचा खडा धरायचा आणि बत्त्याने ठोका देऊन तो फोडायचा. फुटलेला गूळ सगळ्यांना वाटायचा. भाऊ आणलास म्हणून तोंड गोड. हे सगळं करायचं ते आजीने.

"हलकाच ठोका असतो," वनमाला म्हणाली. "पण तो गूळ कडक होता. पहिल्या ठोक्याला फुटला नाही. मग माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुसरा दिला. ही किंचाळली. त्या दिवसापासून हिची पाठ दुखते."

सांगताना तिला ते सगळं पुन्हा दिसलं. बायकांचा घोळका, कोणाचं तरी हसणं, "अगं, नवऱ्याच्या घरी कशी नांदणार ही, एवढ्याशा गुळाला रडते." मांडीवर बाराव्या दिवसाचं बाळ असल्यामुळे तिला स्वतःला उठता आलं नव्हतं. आणि माईंचा हात. काचेच्या बांगड्या मागे सारलेला, बत्ता धरलेला हात.

सर्जननी शुभाला उचलून तपासायच्या टेबलावर पालथं झोपवलं आणि फ्रॉकची बटणं काढली. पाठीच्या मधोमध, दोन खांद्यांच्या खालच्या बाजूला, कण्यावर एक लहानसं टोक वर आलं होतं. मूठ मिटल्यावर मधल्या बोटाचं हाड वर येतं, तेवढंच. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. शुभाने टेबलाची कड घट्ट धरली, पण ती रडली नाही.

"हे कधी दिसलं?"

"ते टेंगूळ? ते त्या ठोक्याचंच. बसतच नाही."

"पाच महिने?"



*

पहिल्यांदा तिने शुभाला नेलं होतं ते स्टेशनजवळच्या विजयकर डॉक्टरांकडे. बारशाला चारच दिवस झाले होते. तिने गुळाचं सांगितलं. डॉक्टर हसले, चुकचुकले आणि म्हणाले, "म्हातारी माणसं ऐकतात होय." मुका मार आहे म्हणून त्यांनी लावायला औषध दिलं. ताप बघायचं त्यांना कारण नव्हतं. कारण कोणी दिलंच नव्हतं.

त्या दिवशी घरून निघताना पायरीवर माई उभ्या होत्या. बाळ त्यांच्या खांद्यावर होतं.

"वनमाला, डॉक्टरांना सांग, हिच्या अंगात संध्याकाळची कणकण असते. मानेला हात लावला की कळतं."

"बरं."

"गुळाचं सांगायचं तर सांग हो. माझी ना नाही. पण हेही सांग."

वनमालाने चप्पल पायात सरकवली. माईंच्या बोलण्यातली धडपड तिला तेव्हा अगदी स्पष्ट दिसली होती. आपला दोष कशाच्या तरी मागे लपवायची धडपड. ताप काय, थंडीचे दिवस, सगळ्याच मुलांना येतो. इंटरला तिला तर्कशास्त्रात पहिला वर्ग होता. कारण कोणतं आणि नुसतं सोबत आलेलं कोणतं, एवढं तिला कळत होतं.

संक्रांतीला माईंनी तिळगूळ वाटला, स्वतःच्या तोंडात मात्र घातला नाही. शेजारच्या रुक्मिणीबाईंनी आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, "पोरीची पाठ बरी होईपर्यंत गूळ सोडलाय मी." वनमाला तिथेच तबक घेऊन उभी होती. असं काही करू नका, एवढं म्हणायला हवं होतं. तिने म्हटलं नाही. उलट बरं वाटलं. चार बायकांसमोर कबुली झाली.

त्या दिवसापासून स्वयंपाकात एक काम वाढलं. आमटीला उकळी आली की गूळ घालायच्या आधी माईंची वाटी बाजूला काढून ठेवायची.

औषधाने गुण येईना, तेव्हा कोणीतरी जोगेश्वरीच्या धाकू वैद्यांचं नाव सांगितलं. लेण्यांच्या वाटेवर त्यांचं खोपट होतं. हाड बसवण्यात हातखंडा. म्हाताऱ्याने शुभाच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि वनमालाकडे पाहिलं.

"काय पडला बिडला चेडू?"

वनमालाने गुळाचं सांगितलं.

"तां म्हणतंय मी. फटको बसलो ना? मगे मणको सरकतलोच. भियाचा नाय बाय. एकवीस दिवस तेल लावतंय, जाग्यार बसतलो."

एकवीस दिवस. रोज दुपारी बसने जोगेश्वरी. तो अंगठा दाबायचा आणि शुभा ओरडायची, "आई, नको सांग ना त्यांना." वनमाला तिचे दोन्ही हात धरून ठेवायची. "थोडंच राहिलंय, राणी," म्हणायची. आणि मनात दर वेळी तो बत्ता वर जायचा, खाली यायचा.

घरी आल्यावर माई काही विचारायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "चोळू नये असं वाटतं मला. ती रात्री झोपेत दचकून ओरडते. मार असता तर आतापर्यंत उतरला असता."

"मग काय आहे, तुम्हीच सांगा."

"मला काय कळतंय, अगं. मी आपली बघते ते सांगते. ती वाकत नाही, बघितलंस का? म्हातारीसारखी टेकत टेकत उठते. आणि आंघोळ घालताना पाठीला गाठीसारखं लागतं. विजयकरांना पुन्हा एकदा—"

"आंघोळ यापुढे मी घालीन," वनमाला म्हणाली.

श्यामकांत तेव्हा पाटावर बसून जेवत होता. त्याने भाताचा घास तसाच हातात धरला, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि मग ताक मागितलं.

मुलांचे मोठे डॉक्टर दादरला होते. त्यांनी बराच वेळ दिला. गुळाची हकिगत त्यांनी फार रस घेऊन ऐकली, दोनदा विचारली. मग चष्मा काढून म्हणाले, "पाठीत फारसं काही नसावं. घरात नवा भाऊ आला. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. त्यातून त्याच्याच बारशाला हिला फटका बसला. मुलं अशा वेळी दुखणं धरून ठेवतात. लाड करा तिचे. आजीला जरा लांब ठेवा."

हे शेवटचं वाक्य वनमालाने घरी येऊन शब्दशः सांगितलं. माईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून शुभाची गादी त्यांच्या गादीशेजारून उचलली गेली. शुभा दोन दिवस रडली. मग आजीने लांबून, उंबऱ्यावर बसून गोष्टी सांगायची युक्ती काढली. वनमालाने त्याला हरकत घेतली नाही. मधे तीन हात अंतर होतं.

चैत्रात शुभा अडखळायला लागली. सपाट अंगणात पडायची. उठून कपडे झटकून म्हणायची, "माझा पाय विसरतो." ते पाहून विजयकर डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली, शहरातल्या इस्पितळात, हाडांच्या सर्जनला.

आज सकाळी निघताना माई पुन्हा म्हणाल्या होत्या, "मी येऊ का? काही विचारलं तर—"

"नंदूला कोण बघणार?" वनमाला म्हणाली.

*

सर्जननी आता शुभाला उताणं केलं होतं. त्यांनी तिचं पाऊल हातात घेऊन एकदम वर ढकललं आणि तसंच धरून ठेवलं. पाऊल थरथरायला लागलं. शिवणयंत्राच्या पायट्यासारखं, थांबेचना.

शुभाला हसू आलं. "आई, बघ. माझा पाय एकटाच नाचतोय."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या हसल्या नाहीत, म्हणून वनमालाही हसली नाही.

मग सकाळी काढलेला पाठीचा एक्स-रे फोटो आला. अजून पुरता वाळला नव्हता. सर्जननी तो दिव्याच्या काचेवर लावला. वनमालाला त्यात नुसती पांढुरकी शिडी दिसली. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने एक जागा दाखवली. तिथे शिडीच्या दोन पायऱ्या एकमेकींत घुसल्या होत्या आणि पुढची बाजू कुरतडल्यासारखी झाली होती.

"हे दोन मणके खाल्ले गेलेत. बाजूला ही सावली दिसते ना, तो पू. तो मज्जारज्जूवर दाब देतोय, म्हणून पाय अडखळतात." ते थांबले. "मणक्यांचा क्षय आहे, बाई."

"क्षय छातीचा असतो," वनमाला म्हणाली.

"छातीचा असतो, हाडाचाही असतो. लहान मुलांत बऱ्याचदा पाठीत."

"पण मार—"

"एक एक विचारतो, त्याचं उत्तर द्या." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. आवाज चढला नाही, पण त्यात आता दुसरं काही ऐकायची तयारी नव्हती. "ताप येतो?"

"कणकण असते. संध्याकाळी."

"रात्री झोपेत ओरडते?"

"हो."

"वजन?"

"कमी झालंय. खात नाही नीट."

"ताप कधीपासून?"

तिने तोंड उघडलं. उत्तर जिभेवरच होतं, तेच, रोजचं. पण ते यायच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. पहाटेचा अंधार, मोरीतला धूर, उटण्याचा वास. नरकचतुर्दशी. तिला आठवा महिना होता, पाय सुजले होते, ती दाराला टेकून बसली होती. मोरीत माई शुभाला तेल लावत होत्या आणि शुभा अंग चोरत होती. "पाठीला नको, आजी. पाठीला नको." माई आतून म्हणाल्या होत्या, "अगं वनमाला, पोरीचं अंग कोमट लागतंय गं. आणि पाठीला हात लावू देत नाही." आणि आपण डोळे मिटूनच म्हटलं होतं, थंडीने असेल.

"दिवाळीपासून," वनमाला म्हणाली.

"दिवाळी. आणि तो गूळ?"

"मार्गशीर्षात."

"म्हणजे त्यानंतर दीड महिन्याने."

"हो."

बाहेर कोणीतरी नंबर पुकारला. सर्जननी हात पुढे केला, डॉक्टरीणबाईंनी कागद त्यांच्याकडे सरकवला. सगळ्यात वरच्या ओळीवर त्यांनी पेनाने एक सरळ रेघ मारली आणि कागद परत दिला.

"मग ती किंचाळली का?" वनमालाने विचारलं. आवाज तिला स्वतःला लांबून आल्यासारखा वाटला.

"दुखत्या जागेवर टिचकी मारली तरी माणूस ओरडेल. त्या दिवशी पोरीने सांगितलंच की तुम्हा सगळ्यांना, कुठे दुखतंय ते."

"पण तीन जणांना दाखवलं. कोणीच—"

"तुम्ही त्यांना मार सांगितलात. मार सांगितला की माणूस मारच शोधतो. त्यात आमचीही चूक आहेच, फ्रॉक वर करून बघायला हवं होतं." त्यांनी चष्मा पुसला. "आणि ते चोळणं. क्षयाच्या मणक्याला कोणी चोळतं का? तुम्ही शिकलेल्या दिसता."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ताप आहे, रात्री ओरडते, वाकत नाही. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही हे?"

"आलं होतं."

"मग?"

डॉक्टरीणबाई आता लिहायचं थांबून तिच्याकडे बघत होत्या. तिच्याच वयाच्या असाव्यात. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि ते जास्त टोचलं.

"सांगायचं राहून गेलं," वनमाला म्हणाली.

"हं." सर्जन उठले. "घरातूनच उशीर झाला."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. सोमवारी दाखल करायचं. प्लास्टरचा साचा करायचा, पाठीच्या मापाचा, आणि त्यात निजवून ठेवायचं, वर्षभर, कदाचित जास्त. रोज इंजेक्शन, शिवाय पोटात घ्यायची औषधं. सध्या पायांवर उभं करायचं नाही, उचलून न्यायचं. घरातल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायचे, बाळालाही दाखवायचं. "कुठून आलं ते बहुतेक कळणार नाही. शेजार, दूध, काहीही. पण बघायला हवं."

"पाठ?" वनमालाने विचारलं.

"डिसेंबरात आणली असती तर सरळ राहिली असती. आता बाक राहील. वाढत्या वयात थोडा वाढेलही." शुभाच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज उतरवला. "पाठीचं सोडा. आता पाय वाचवायचेत."

शुभा टेबलावर पडल्या पडल्या फ्रॉकची बटणं स्वतः लावायचा प्रयत्न करत होती. ती मागे होती. तिचा हात पोहोचत नव्हता.

*

टॅक्सीत तिने शुभाला आडवं मांडीवर घेतलं. खार, सांताक्रूझ मागे गेलं. कुंपणांच्या भिंतींवर कोळशाने लिहिलेल्या घोषणा शुभाला पडल्या पडल्या दिसत नव्हत्या, म्हणून ती वरची झाडं मोजत होती.

"आई, साचा म्हणजे करंजीचा असतो तसा?"

"तसाच. मोठा."

"मग मी सारण." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजी येईल ना तिथे? गोष्ट अर्धी राहिलीय."

वनमालाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. कपाळ कोमट होतं. तिला घड्याळ बघायची गरज पडली नाही. चार वाजून गेले असणार.

माई पायरीवरच बसल्या होत्या, नंदू मांडीवर झोपलेला. वनमालाने शुभाला उचलून आणलेलं बघताच त्या उठल्या. बाळ सावरत त्यांनी भिंतीचा आधार घेतला. पण पुढे आल्या नाहीत. दादरच्या डॉक्टरांपासून त्या आपण होऊन पुढे येत नव्हत्या.

"चालवायचं नाही तिला," वनमाला म्हणाली आणि आत गेली.

शुभाला निजवून, पाणी पाजून ती स्वयंपाकघरात आली. माई बाळाला पाळण्यात टाकून तिच्या मागोमाग आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"काय म्हणाले?"

"मणक्यांचा क्षय आहे. सोमवारी दाखल करायचं. वर्षभर प्लास्टरमध्ये ठेवतील."

माईंनी चौकट धरली. मग त्यांनी विचारलं, "जगेल ना?"

"जगेल. आता औषधं आहेत."

"पाठ? पाठ होईल ना सरळ?"

"नाही. बाक राहील."

माई खाली बसल्या. तिथेच, दारात. मग त्या म्हणाल्या, "गुळाचं सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

वनमाला चुलीकडे तोंड करून उभी होती. डाळ शिजली होती. तिने पळी घेतली, डाळ घोटायला लागली. एक वाक्य होतं. सहा-सात शब्दांचं. फोटो वाळायच्या आतच ते तयार झालं होतं, टॅक्सीत तिने ते दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. पण त्या वाक्याच्या मागे लगेच दुसरं यावं लागणार होतं, दिवाळीचं. आणि मग तिसरं. आणि ते श्यामकांतला कळणार, रुक्मिणीबाईंना कळणार, आणि कधीतरी, पाठीला हात लावून बघायच्या वयात, शुभाला.

"म्हणाले, घरातूनच उशीर झाला."

माईंनी मान हलवली. एकदा, दोनदा. जणू हेच ऐकायची त्यांनी तयारी ठेवली होती.

"खरं आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "माझा हातच जड. पहिल्या ठोक्याला फुटला नाही तेव्हाच थांबायला हवं होतं." पदराने त्यांनी डोळे नाही, तोंड पुसलं. "तिथे इस्पितळात तिच्याजवळ मला बसू देतील का गं? तू नंदूला सोडून किती बसणार. मी हात नाही लावणार तिला. लांब बसेन."

"बघू."

बाहेरच्या खोलीतून शुभाने हाक मारली. "आजी, तू ये ना. मी सारण होणार आहे."

माईंनी वनमालाकडे पाहिलं. वनमालाने मान हलवली, तेव्हा त्या उठल्या. गुडघ्यांवर हात टेकून, मांड्यांवर हात चढवत, हळूहळू. वनमालाने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"माई."

त्या वळल्या.

"चिंच कुठे ठेवलीत?"

"वरच्या फळीवर. लाल झाकणाच्या बरणीत."

त्या गेल्या. थोड्या वेळाने बाहेरून अर्धी राहिलेली गोष्ट सुरू झाल्याचा आवाज आला, उंबऱ्यावरून, त्याच तीन हातांवरून. वनमालाने चिंचेचा कोळ काढला, फोडणी केली, डाळ ओतली. गोडा मसाला घातला. आमटीला उकळी आली.

तिने गुळाचा डबा उघडला. खडा हातात घेतला. मग तो परत ठेवून तिने फळीवरची वाटी काढली, आणि रोजच्यासारखी आधी माईंची आमटी बाजूला काढली.